आधी तुझा मास्क

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी ओरडलो, ते चुकलंच. पण विमानातला हवेचा दाब गेला, मास्क खाली आले, तुम्ही विमान माघारी फिरवलं, हे आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळावं? आई देवापुढे बसली ती तुझा फोन येईपर्यंत उठली नाही. तू म्हणालीस, "बाबा, सगळं ड्रिलप्रमाणे झालं." झालं असणार. मला एवढंच विचारायचं होतं आणि रागात तेच राहिलं. तुझा मास्क आधी लावलास ना?

३५,००० फुटांवर दाब गेला तर माणसाला जेमतेम अर्धा-एक मिनिट नीट सुचतं, हे तूच ट्रेनिंगच्या वह्या पसरून मला समजावलं होतंस. आधी मास्क, मग आपसात बोलणं, मग १०,००० फुटांपर्यंत खाली. प्रवाशांच्या डोक्यावरचा ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो, तेवढ्यात खाली यायचंच. मी वर्कशॉपात एअर ब्रेकची गळती कानाने ओळखायचो, शंका आली तर साबणाचं पाणी लावायचो, लगेच बुडबुडे यायचे. पण ऑक्सिजन कमी पडतोय हे ज्याचं त्याला कळतच नाही, उलट काही जणांना छान वाटतं. मला भीती त्याचीच.

२००५ सालचं ते हेलिऑसचं विमान डोक्यातून जात नाही. सायप्रसहून अथेन्सला निघालेलं. दाबाचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. भोंगा वाजला, तो वैमानिकांना टेक-ऑफच्या सेटिंगचा वाटला. बिघाड शोधता शोधता दोघांची शुद्ध गेली. १२१ माणसं होती गं.

म्हणून सांगतो, चेकलिस्ट पाठ असली तरी वाचूनच करायची. कॅप्टन कितीही सीनियर असोत, खटकलं की बोलायचं. झोप मोडून ड्युटी... जाऊ दे. परत शिकवायला लागलो, माफ कर. काल ते विमान तुम्ही दोघांनी खाली आणलं, मी नाही.

सिंहगड आठवतो? तू नऊ वर्षांची. बाटलीतलं सगळं पाणी दादाला पाजलंस आणि पुणे दरवाजाच्या अलीकडे मटकन खाली बसलीस. ओठ पांढरे पडलेले, तरी म्हणत होतीस, "मला नकोय." तुला पाठीवर घेऊन उतरताना तुझा श्वास मानेवर लागत होता, मी पायऱ्या सोडून तोच मोजत होतो. काल रात्रभर तेच चाललं होतं.

वर्कशॉपातले जुने दोघे सकाळी येऊन गेले. "आपल्या मनूने आणलं ना विमान?" म्हणाले. मला हो म्हणायलाही आवाज फुटेना. आणि तुमच्या त्या केबिनमधल्या मुली! स्वतः मास्क लावून, मग ऑक्सिजनची बाटली घेऊन एकेका सीटपाशी गेल्या, म्हणालीस. त्यांना माझा नमस्कार सांग.

आईने भाजणी दळून आणली आहे, रविवारी थालीपीठं करेल. मेसेज नको, फोन कर. आधी ते मास्कचं सांग, मग बाकीचं.

तुझे
बाबा