कवितेशेजारी भेगाळलेली जमीन कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माझ्या मित्राची कविता छापून आली, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु तिच्याशेजारी भेगाळलेल्या जमिनीचे आणि डोक्याला हात लावून बसलेल्या शेतकऱ्याचे चित्र दिल्यामुळे आमच्या भागातल्या बहुतेकांनी ती नापिकीची कविता म्हणून वाचली. यवतमाळ जिल्ह्यातून आलेली दुःखाची कविता म्हणजे कर्जाची आणि आत्महत्येचीच असणार, असे आता जणू ठरूनच गेले आहे. ते दुःख खरे आहे आणि त्यावर लिहिलेच पाहिजे. पण ही कविता एका माणसाने आपल्या गेलेल्या बायकोवर लिहिली आहे. तिच्यात पीक बुडालेले नाही, चांगले आले आहे, आणि तेच वाचताना सर्वांत जिव्हारी लागते.

ज्यांचा वावराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्याकडे सोयाबीनच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे एक तास घेतात. पेरणी दोन्हींची एकाच वेळी होते, पण सोयाबीन दसऱ्याच्या आसपास सोंगून, म्हणजे कापून, होते आणि मोकळ्या झालेल्या वावरात तूर एकटीच पौषापर्यंत उभी राहते. कवितेतल्या बाईने अंगात ताप असताना तुरीच्या तासांतल्या नांग्या, म्हणजे बी न उगवल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा, स्वतः बी डोबून भरल्या होत्या, आणि सोयाबीनचे कुटार (भुसा) घरी येण्याआधी ती गेली. मागून लावलेली ती झाडे बाकीच्यांपेक्षा बुटकी राहिली, त्यामुळे तिच्या हातची झाडे कोणती हे नवऱ्याला धुऱ्यावरूनही (बांधावरूनही) ओळखू येते. सारा गाव तूर वाळण्याची वाट पाहत असताना हा एकटा ती आणखी काही दिवस हिरवी राहावी म्हणून थांबला आहे, कारण सोंगणी झाली की तेवढेही उरणार नाही. प्रेमाबद्दल एक शब्दही न बोलता माझ्या मित्राने या बुटक्या झाडांतून सारे सांगितले आहे, असे मला वाटते.

शेवटचे कडवे मात्र मला पटले नाही, आणि मित्र असलो तरी ते सांगणे माझे काम आहे. तिथे तो मनाला धीर धरायला सांगतो, काळ सर्व दुःखांवर औषध असल्याचे म्हणतो. असे बोलणे तेरवीला आलेल्या पाहुण्यांचे असते; रोज धुऱ्यावर जाऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचे ते नव्हे. कविता त्या आधीच्या कडव्यावर थांबली असती तर अधिक खरी झाली असती. मी हे त्याला प्रत्यक्षही सांगितले आहे आणि तो विचार करतो आहे.

गावातल्या काही जाणत्या मंडळींचा आक्षेप वेगळा आहे: घरातल्या बाईबद्दल, तिच्या दुखण्याबद्दल, असे बारीकसारीक चारचौघांत लिहू नये. त्यांना मी आदराने अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरची आठवण करून देतो. ज्या गावी आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे, त्याच आपल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणींचे लीळाचरित्र सिद्ध केले. त्यासाठी ते स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना शोधत हिंडले आणि स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, हे सारे त्यांनी विचारून विचारून गोळा केले. निघून गेलेल्या माणसाचे बारीकसारीक जपून लिहिणे हे आमच्या वऱ्हाडाला नवे नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ त्याच ओढीतून आला. मग एका शेतकऱ्याने आपल्या बायकोने भरलेल्या नांग्या मोजून लिहिल्या, तर त्यात संकोच वाटण्यासारखे काय आहे?

आपणांस विनंती एवढीच की त्याच्या आणखी दोन कविता आपल्याकडे आलेल्या आहेत. त्या छापाल तेव्हा सोबत चित्र देऊ नये. देणे भागच असेल, तर फुलावर आलेल्या तुरीचे द्यावे.

आपला,
एक वाचक
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ