बारक्याच्या शाळेतलं ते पुस्तक

बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस शाळेत काय झालं, तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून धड बोलता आलं नाही. आता सगळी झोपलीत, तर लिहिते.

बारक्याच्या शाळेच्या लायब्ररीत 'ब्रिज टू टेराबिथिया' म्हणून एक इंग्लिश कादंबरी आहे, कॅथरीन पॅटरसन ह्या बाईंची, 1977 ची. एका पालकांनी त्यातल्या एका पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की बघा पोरांना काय वाचायला देतात, झालं, रात्रीपर्यंत मेसेजवर मेसेज. कोण म्हणतंय शिव्या आहेत, कोण म्हणतंय शेवटी पोरगी मरते, पोरं घाबरतील, काढून टाका. मी विचारलं कुणी पूर्ण वाचलंय का, तर ग्रुप गप्प. मग मीच मागून आणलं आणि दोन रात्री बसले, अडला शब्द की मोबाईलवर बघायचा.

गोष्ट अशी, एक पोरगा आणि शेजारी नवीन राहायला आलेली पोरगी, दोघं दोरीला झोका घेऊन ओढ्यापलीकडं जातात आणि तिथल्या रानात स्वतःचं राज्य मांडतात. एक दिवस पाऊस लागलेला, ओढा फुगलेला, तो बाहेर गेलेला असतो, ती एकटीच जाते आणि दोरी तुटते. पुढची पानं सगळी त्या पोराची. आधी त्याला खरंच वाटत नाही, मग चिडतो, धाकट्या बहिणीला मारतो, मी तिला बरोबर का नेलं नाही म्हणून स्वतःला खात बसतो.

वाचताना मला तूच दिसत होतीस गं. 2019 च्या मे मध्ये तुझ्या बेंचवरची ती पोरगी गावाकडं विहिरीत पोहायला गेली आणि गेलीच, आणि आम्ही तुला काय सांगितलं, तर ती मामाकडं गेलीय, तिकडंच शिकणार. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तुला दुसऱ्या पोरींकडनं कळलं. मग ऑगस्टात कोल्हापुरात महापूर, व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी, आणि तू टीव्हीवर पाणी दिसलं तरी आतल्या खोलीत जाऊन बसायचीस. लाईट लावून झोपायचीस. मी म्हणायची विसर आता. काय बोलायचं ते मला माहीतच नव्हतं, आणि त्या पुस्तकात ते सगळं लिहिलेलं होतं. त्या बाईंच्या स्वतःच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण 1974 साली वीज पडून गेली, मुलाला कसं समजवायचं म्हणून त्यांनी हे लिहिलं. आणि तिकडं अमेरिकेत 1990 नंतरच्या दहा वर्षांत लोकांनी सगळ्यात जास्त तक्रारी केल्या त्या पुस्तकांत हेच पुस्तक!

ह्या पुस्तकावरनं शाळेत पालकांची मीटिंग झाली, तिथं मी उभी राहिले. म्हटलं, आपण प्रत्येकानं पोरांना 'श्यामची आई' दिलंय की नाही? त्यात कर्ज आहे, वसुलीला आलेला माणूस दारात आईला वाट्टेल ते बोलतो, शेवटी आई मरते. 1935 पासून घराघरात पोरं ते वाचून रडतात, आणि आपणच म्हणतो रडू दे, चांगलं असतं. मग दुसऱ्या देशातलं पोरगं मेलं की ते पुस्तक वाईट कसं? आणि ज्या शाळेत चिखली, आंबेवाडीकडची पोरं येतात, ज्यांनी स्वतःचं घर पाण्यात गेलेलं बघितलंय, त्यांच्यापासून आपण नेमकं काय लपवतोय?

दुसरीतल्या पोराला हे देऊ नका हे मला पण पटतं, सर-मॅडमनी वय बघूनच द्यावं. माझ्या पोरानं काय वाचायचं ते मी सांगेन, तो माझा हक्क. पण सगळ्या शाळेच्या पोरांसाठी मी ठरवणारी कोण? अमेरिकेत 1982 साली काही विद्यार्थी ह्याच भांडणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते आणि 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आपल्याकडं शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत आणायला एवढं केलं त्या राजानं, आणि आपण आता कपाटाला कुलूप लावायचं?

शेवटी ठरलं ते मला पटलेलं नाही. पुस्तक काढायचं नाही, पण कुलपात ठेवायचं आणि पालकांची सही असेल त्यालाच द्यायचं. ज्या घरात असलं दुःख आहे आणि कोण बोलत नाही, तिथलं पोरगं सही मागायला कुणाकडं जाणार? तू आली असतीस का माझ्याकडं? पुढच्या मीटिंगला मी हा विषय परत काढणार आहे, दोन-तीन आया माझ्या बाजूनं आहेत.

बारक्याच्या कागदावर मी त्याच दिवशी सही केली. तो रोज जेवण झालं की वाचतो, मी शेजारी भाजी निवडत बसते. काल दोरी तुटली तिथं आला. बराच वेळ काय बोलला नाही, मग विचारलं, मम्मी, ती परत येणार नाही काय? मी म्हटलं, नाही रे. मग तो म्हणाला, दीदीची मैत्रीण पण अशीच गेली ना. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी हो म्हटलं आणि तिचं नाव सांगितलं. तुझ्यासमोर मी ते नाव सात वर्षं घेतलं नव्हतं.

दिवाळीला येशील तेव्हा आपण बोलूया का तिच्याविषयी? तुला नको असेल तर नको.

तुझी,
मम्मी