ॲडमिरल व्हायला किती वर्षं लागतात?

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

भाच्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) नौदल मिळालं, छान झालं. 'ॲडमिरल व्हायला किती वर्षं?' हा तुझा प्रश्न मात्र चुकीच्या टोकाला धरलाय. अधिकारी झाल्यापासून सहा वर्षांनी अडीच पट्ट्यांचा लेफ्टनंट कमांडर, तेरा वर्षांनी तीन पट्ट्यांचा कमांडर, एवढंच वर्षं भरली की मिळतं. कॅप्टनपासून सिलेक्शन बोर्ड, म्हणजे बढतीसाठी निवड करणारं मंडळ, आणि तिथे बॅच गळायला लागते.

खडकवासल्याची तीन वर्षं, एझिमलाच्या नौदल अकादमीचं एक, मग कोचीची ट्रेनिंग जहाजं. हे पार पडतं. अडतं वॉचकीपिंगच्या तिकिटापाशी, म्हणजे पाळीवर एकट्याने जहाज सांभाळायच्या परवान्यापाशी. रात्री बारा ते चारचा वॉच, ब्रिजवर (जहाज चालवायच्या कक्षात) अंधार, चार्ट टेबलावर मिणमिणता तांबडा दिवा. समोरच्या जहाजाचं बेअरिंग, म्हणजे ते कुठल्या दिशेला दिसतं त्याचा कोन, घ्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचं. बेअरिंग तेच आणि अंतर घटतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. ते आपल्या उजव्या अंगाला असेल तर वाट आपण द्यायची: लवकर, उजवीकडे, आणि त्याला दिसेल इतकं ठसठशीत वळून. पोरं पाच-पाच अंशांनी चोरटी वळतात. समोरच्याला रडारवर ते कळतही नाही. दुसरी चूक, कॅप्टनला उठवायचा संकोच. कधी उठवायचं ते त्याने रात्रीच्या हुकूमवहीत लिहिलेलंच असतं. जहाज तळाला घासलं तर झोपेत असला तरी जाब त्यालाच द्यावा लागतो, मग उठवल्याचा राग कशाला येईल?

पुढे कोचीला लाँग कोर्स, म्हणजे एका विषयातलं खास शिक्षण: नॅव्हिगेशन, तोफा, पाणबुडीविरोधी किंवा कम्युनिकेशन. मग वेलिंग्टनच्या स्टाफ कोर्सची परीक्षा, नेमकी घरात रांगतं मूल असतं त्या वयात. पण बोर्डापुढे खरं वजन जहाजाच्या कमांडचं. कमांडरला कॉर्व्हेट ही छोटी युद्धनौका, कॅप्टनला तिच्याहून मोठी फ्रिगेट किंवा विनाशिका. किनाऱ्यावरच्या कितीही चांगल्या खुर्चीने ती उणीव भरत नाही.

आपले जयंत नाडकर्णी नॅव्हिगेशनवाले. 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर शिकून १९४९ साली नौदलात, १९८७ च्या डिसेंबरात नौदलप्रमुख, म्हणजेच ॲडमिरल. म्हणजे अडतीस वर्षं, हे घे तुझं उत्तर! शेवटी जन्मतारखेचाही हिशोब असतो बरं. ॲडमिरलच्या लगेच खालचा व्हाइस ॲडमिरल साठीला निवृत्त होतो. त्याच्या आत वरची जागा रिकामी व्हायला हवी. प्रमुखाला बासष्ट वय किंवा तीन वर्षं, जे आधी येईल ते. नाडकर्णी तीन वर्षं पुरी करून १९९० च्या नोव्हेंबरात उतरले.

भाच्याला सांग, टक्कर टाळण्याचे नियम आत्ताच पाठ करायला घे. आठ, पंधरा आणि सतरा आधी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू