ज्येष्ठांच्या डोळ्यांची खरी तपासणी करा, आणि चालायला जागाही द्या

मा. प्रताप सरनाईक,
परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

पंचावन्न वर्षांनंतर लायसन्सचे नूतनीकरण ५ वर्षांपुरतेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. २५ मीटरवरची नंबर प्लेट दिसते का, हे डॉक्टरांनी त्यात लिहून द्यायचे असते. माझे थोरले बंधू सत्तरी ओलांडलेले. त्यांच्यासोबत मी गेलो होतो. "काका, चष्मा लावता ना?" एवढे विचारून डॉक्टरांनी सही-शिक्का केला. दादांना काचबिंदू आहे. समोरचे स्वच्छ दिसते, पण कडेने घुसणारी रिक्षा अंगावर आल्यावरच कळते. तो विषयच तिथे निघाला नाही.

मग सत्तरीनंतर सगळ्यांची सक्तीने परीक्षा घ्या, असे बरेच जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. फिनलंडमध्ये सत्तरीला वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ साली दोन्ही देशांची तुलना प्रसिद्ध झाली. फिनलंडचे ज्येष्ठ चालक जास्त सुरक्षित ठरले नाहीत, उलट पायी चालताना मरणारे ज्येष्ठ तिथेच जास्त निघाले. गाडी चालवणे सुटले आणि माणसे पायी रस्त्यावर आली, हे त्यामागचे कारण असावे असे संशोधकांचे म्हणणे.

आपण ओवळा-माजिवड्याचे आमदार. ठाण्याचा घोडबंदर रोड आपल्याला नव्याने सांगायला नको. मानपाड्याला किंवा कासारवडवलीला गाडी सोडलेल्या माणसाने घराबाहेर पडायचे कसे? फुटपाथवर बाइक लावलेल्या, रस्ता ओलांडायला पुलाचे जिने. जवळचे भाडे म्हटले की रिक्षावाला मान हलवून निघून जातो. टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसची पायरी गुडघ्याला झेपत नाही. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत केला, त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार. पण रोजचा दवाखाना, बँक, भाजी त्या एसटीने होत नाही.

ज्येष्ठांची नजर नेत्रतज्ज्ञाकडून, कडेच्या नजरेसकट, आरटीओतच मोफत तपासली जावी. ज्यांना रात्री हेडलाइटने अंधारी येते त्यांना फक्त दिवसा चालवण्याचे लायसन्स मिळावे. दादा तर ते आनंदाने घेतील. लायसन्स पूर्ण जाईल या धास्तीनेच माणसे डोळ्यांचे दुखणे लपवतात. आणि ज्याचे लायसन्स थांबेल, त्याच्या घरापासून बस थांब्यापर्यंतचा फुटपाथ मोकळा करून घेण्यासाठी आपण ठाणे महापालिकेसोबत बैठक लावावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
कासारवडवलीचा एक रहिवासी