बिलात नवा टेन्शनर, इंजिनावर जुनाच : टायमिंग चेनच्या अपूर्ण कामाबाबत तक्रार

भुसावळ, जि. जळगाव
दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : जळगाव येथील आपल्या अधिकृत सेवा केंद्राने टायमिंग चेन बदलताना जुनाच टेन्शनर ठेवून नव्याचे पैसे आकारल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल कार मी २०१९ साली नवी घेतली असून तिचे आजवर सुमारे ८१ हजार किलोमीटर झाले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या जळगाव येथील अधिकृत सेवा केंद्राने या गाडीची टायमिंग चेन (इंजिनातील व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, वेळ सांभाळणारी साखळी) बदलली व त्यापोटी माझ्याकडून ४८,६४० रुपये घेतले. बिलात चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), दोन गाईड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या), सीलंट (सांध्यातील गळती रोखणारा लेप), ऑइल, फिल्टर आणि मजुरी अशा नोंदी आहेत. यातील टेन्शनर बदललेलाच नाही आणि बाकीचे कामही अर्धवट झाले आहे, अशी माझी तक्रार आहे. गाडीचा क्रमांक, माझे नाव, पत्ता आणि बिलाची प्रत सोबतच्या पानांवर जोडली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच इंजिनाच्या उजव्या अंगाने दोन-तीन सेकंद खडखड असा धातूचा आवाज येई आणि मग आपोआप थांबे. पुढे धुळ्याला जात असताना पारोळ्याच्या अलीकडे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सेवा केंद्रात स्कॅनर लावल्यावर पी ००१६ हा कोड निघाला, म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य आस) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा आस) यांच्या सेन्सरकडून येणाऱ्या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. चेन ताणली आहे, किट बदलावे लागेल, असे सल्लागाराने सांगितले. ते निदान मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. माझा आक्षेप निदानाबद्दल नसून त्यानंतर झालेल्या कामाबद्दल आहे.

आपल्या अभियंत्यांना पुढचे चार शब्द नवे नाहीत, पण हे पत्र प्रथम ज्यांच्या टेबलावर येईल त्यांना विषयाचे गांभीर्य कळावे म्हणून लिहितो. चेन ताणली असे आपण म्हणतो खरे, परंतु तिचे पोलाद रबरासारखे लांबत नाही. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश केसभर झिजतात आणि सर्व कड्यांची झीज एकत्र होऊन चेनची लांबी वाढते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी झाली पाहिजे आणि तीही ठरलेल्या अंशावर, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात व मिटतात. लांबलेल्या चेनमुळे कॅमशाफ्ट मागे पडू लागतो. काही अंशांपर्यंतचा फरक व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा सांभाळून घेते, त्यापलीकडे मात्र संगणक दिवा लावतो. चेनची ही सैल बाजू दाबून धरण्याचे काम टेन्शनरकडे असते. त्याचा दांडा इंजिन चालू असताना ऑइलच्या दाबावर पुढे राहतो, आणि इंजिन बंद असताना, म्हणजे दाब नसताना, आतील दातेरी पट्टीने तो मागे सरकू नये अशी अपेक्षा असते. ही दातेरी पट्टी किंवा ऑइल अडवणारी झडप थकली, तर रात्रभरात ऑइल उतरते आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत सैल चेन गाईडवर आपटत राहते. माझ्या गाडीचा सकाळचा आवाज हा त्या दोन-तीन सेकंदांचा होता. थोडक्यात, ज्या भागावर संशय सर्वांत आधी जायला हवा होता, तोच बदलायचा राहिला.

तो राहिला हे मी कशावरून म्हणतो, हे सविस्तर सांगणे भाग आहे. माझी नोकरी भुसावळच्या रेल्वे विद्युत इंजिन शेडमध्ये गेली. तेथे महत्त्वाचा बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, आवळला की बोल्टाचे डोके आणि त्याखालचा धातू यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढतात. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि टॉर्चच्या उजेडात उभ्याउभ्या तपासणी होते. नोकरी संपली तरी अशा रेघांवर नजर जाण्याची सवय काही सुटलेली नाही. आपल्या कारखान्यातही ही पद्धत दिसते. माझ्या इंजिनाचा टेन्शनर सिलिंडर हेडच्या मागील अंगाला बाहेरून दोन बोल्टांनी बसवलेला असून एअर फिल्टरची नळी बाजूला केली की तो स्पष्ट दिसतो. त्या दोन्ही बोल्टांवर कारखान्यातील पिवळी रेघ आहे. ती बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या ॲल्युमिनियमवर सरळ उतरते, कुठेही तुटलेली वा सरकलेली नाही, आणि तिच्यावर सहा वर्षांच्या धुळीचा व ऑइलच्या वाफेचा तपकिरी थर जसाच्या तसा आहे. बोल्ट न काढता टेन्शनर बदलता येत नाही. भुसावळातील ज्या गॅरेजमध्ये मी नंतर गाडी दाखवली, तेथील मूळचे अमळनेरचे कारागीर टॉर्च मारून पाहताच म्हणाले, ‘‘भाऊ, ह्या बोल्टले कोनी हात बी लायेल नही.’’ त्यांनी पाना लावला नाही, कारण मीच लावू दिला नाही. रेघ जशी आहे तशी आपल्या प्रतिनिधीला दिसली पाहिजे. तिची जवळून घेतलेली छायाचित्रे मात्र सोबत आहेत.

यावर, टेन्शनर न काढता चेन बदललीच कशी, असा प्रश्न आपल्याकडून येऊ शकतो. पुढचे कव्हर उघडल्यावर आतून अडसर सोडवून दांडा मागे ढकलता येतो, हे मला ठाऊक आहे. वेळ वाचवण्याचा तो एक मार्ग आहे. कव्हर उघडले गेले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण त्याच्या कडेने नवे राखाडी सीलंट बाहेर आलेले दिसते. तेव्हा चेन नवी, टेन्शनर जुना आणि बिल दोन्हींचे, असा याचा सरळ अर्थ निघतो. याहून वेगळे काही घडले असेल, तर ते आपण कागदपत्रांसह दाखवावे; मी ते मोकळ्या मनाने वाचेन.

दुसरी गोष्ट मला याहूनही अधिक काळजीची वाटते. गाडी परत घेताना मी जुने भाग मागितले. बऱ्याच विनवणीनंतर एका प्लास्टिकच्या पिशवीत जुनी चेन आणि एक गाईड मिळाले. जुना टेन्शनर व दुसरे गाईड ‘भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले. मिळालेल्या गाईडवर चेनच्या घासण्याने दोन समांतर खोल चर पडले आहेत आणि त्याच्या एका टोकाचा, अंगठ्याच्या नखाएवढा, प्लास्टिकचा तुकडा तुटून गेलेला आहे. तुटलेली कड काळवंडलेली आहे, म्हणजे ती उघडताना तुटलेली नाही, इंजिन चालू असतानाच केव्हातरी तुटली आहे. तो तुकडा गेला कुठे? चेनच्या कप्प्यातून सुटलेली वस्तू खाली ऑइलच्या चेंबरमध्येच जाते आणि तेथे पंपाच्या तोंडाशी ऑइल ओढणारी जाळी असते. चेंबर उतरवून ती जाळी साफ केल्याची कोणतीही नोंद जॉब कार्डावर वा बिलात नाही आणि चेंबरच्या कडेला नवे सीलंटही दिसत नाही. जाळी प्लास्टिकने अंशतः जरी बुजली तरी ऑइलचा दाब उशिरा तयार होणार, आणि ज्या टेन्शनरचे सारे बळ त्या दाबावर आहे तो अधिकच ढिला पडणार. तुटके गाईड हातात घेऊनही ज्या कारागिराला उरलेला तुकडा शोधावासा वाटला नाही, त्याच्याविषयी मी अधिक काय लिहावे?

काम झाल्यावर काही आठवडे आवाज बंद होता. नवी चेन आणि ताजे ऑइल यांमुळे तेवढे होणारच. डिसेंबरात थंडी पडू लागली तशी सकाळची खडखड पुन्हा सुरू झाली, आणि कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून ऑइल पाझरू लागले. जुने सीलंट पूर्ण खरवडून न काढता किंवा नवे पुरते सुकण्याआधी ऑइल भरले की असे होते. दोन्ही बाबी मी सेवा केंद्राला लेखी कळवल्या. त्यावर आलेल्या उत्तरात ‘आवाज सर्वसाधारण मर्यादेत आहे’ आणि ‘खान्देशातील उष्म्यामुळे व धुळीमुळे चेनची झीज लवकर होते’ अशी दोन वाक्ये आहेत. पहिल्या वाक्याबद्दल एवढेच विचारतो, की आवाज मर्यादेत होता तर ऑक्टोबरात चेन बदलायला कशासाठी सांगितली? दुसऱ्या वाक्याचा मात्र मला मनापासून विषाद वाटला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हे खरे आहे. पण चेन असते इंजिनाच्या बंद कप्प्यात, ऑइलच्या फवाऱ्याखाली, आणि गरम इंजिनातील ऑइलचे तापमान पुण्यात काय किंवा भुसावळात काय, ९०-१०० अंशांच्या घरात असतेच. शिवाय माझ्या गाडीचा आवाज उन्हाच्या वेळी न येता पहाटेच्या गारठ्यात येतो. धुळीचे म्हणाल तर प्रत्येक सर्व्हिसिंग, प्रत्येक एअर फिल्टर आणि प्रत्येक ऑइल आपल्याच अधिकृत केंद्रांत, आपणच ठरवलेल्या ग्रेडचे व मुदतीआधी घातलेले आहे. सर्व बिले जोडली आहेत. ग्राहकाच्या गावाचे हवामान हे अपूर्ण कामाचे कारण होऊ शकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. या कामाचे संपूर्ण जॉब कार्ड आणि स्टोअरमधून माझ्या गाडीच्या नावे निघालेल्या भागांची, भाग क्रमांकांसह असलेली नोंद मला मिळावी. टेन्शनर स्टोअरमधून निघालाच नसेल तर ते तेथे दिसेल, आणि निघाला असेल तर तो कोणाच्या गाडीत गेला याची चौकशी आपण करावी. त्यानंतर इंजिन पुन्हा उघडावे, पण ते या केंद्राशी संबंध नसलेल्या आपल्या तांत्रिक अधिकाऱ्यासमोर आणि माझ्या उपस्थितीत. टेन्शनर व दोन्ही गाईड नवे घालावेत, दातचक्रांची झीज तपासून ती झिजली असल्यास बदलावीत आणि ठरावीक अंश फिरवून आवळायचे, एकदाच वापरायचे बोल्ट नवे वापरावेत. ऑक्टोबरच्या बिलात असा एकही बोल्ट नाही, याकडेही लक्ष वेधतो. चेंबर उतरवून जाळी साफ करावी. क्रँक व कॅम जागेवर धरणारी आपली विशेष हत्यारे लावूनच चेन बसवावी आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ते हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा जुळतात हे मला दाखवावे. निघालेला प्रत्येक जुना भाग माझ्या ताब्यात द्यावा. या सर्व कामाचा खर्च कंपनीने सोसावा आणि न लावलेल्या टेन्शनरची आकारलेली रक्कम परत करावी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते आणि ती तक्रार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेही दाखल करता येते, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच. जळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मात्र मी तो मार्ग धरीन, आणि तेथे इंजिनाची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी मागेन.

एक तातडीची बाब राहिली. सैल चेन दातचक्रावर एखादा दात जरी निसटली, तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकण्याचा धोका आहे. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीपासून गाडी मी घरासमोर उभी करून ठेवली असून बॅटरीची ऋण तार काढलेली आहे. ती भुसावळहून जळगावपर्यंत महामार्गावरून चालवत आणण्याची सूचना आपल्या केंद्राने दूरध्वनीवरून केली होती; ती मी मानणार नाही. गाडी नेण्यासाठी चारही चाके वर घेणारा ट्रक आपण पाठवावा आणि येण्याची वेळ आदल्या दिवशी कळवावी. किल्ली माझ्याकडे आहे व नेण्यापूर्वी टेन्शनरच्या बोल्टांची पाहणी आपल्या प्रतिनिधीने माझ्यासमोर करून त्यावर सही द्यावी.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)