काट्याची जखम आणि ‘मदुरा पाय’

महोदय,
शेतकऱ्यांच्या पायांवरील जुनाट जखमांविषयी आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेला लेख वाचला. मात्र अशी प्रत्येक जखम मधुमेहाच्या खात्यावर टाकणे पटले नाही. मराठवाड्यात अनवाणी राबताना बाभळीचा काटा रुतणे नित्याचे असून, त्यावाटे मातीतील जंतू शिरल्यास ‘मदुरा पाय’ म्हणजेच मायसेटोमा होऊ शकतो, ज्यात सूज बहुधा दुखत नाही, पुढे तिला अनेक तोंडे फुटतात आणि पुवाबरोबर बारीक कण बाहेर पडतात. दुखत नाही म्हणूनच माणूस वर्षानुवर्षे हळद लावून चालत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा आजार दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत गणला.

हा रोग जिवाणूंमुळे होतो तसा बुरशीमुळेही होतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. जिवाणूंचा असेल, तर कोट्रायमोक्झॅझोल व अमिकासिन यांसारख्या प्रतिजैविकांनी, काही महिने नेटाने घेतल्यास, तो बहुधा बरा होतो; बुरशीचा असल्यास औषधे वेगळी आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देण्यापूर्वी, आणि पाय काढण्याचा सल्ला देण्यापूर्वी तर नक्कीच, त्या कणांची तपासणी व्हावी आणि तिची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावी.

– एक वाचक, परभणी