खालच्या घरच्या अक्कांस

अक्का,

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बसून आभार मानले असते तर "इरली बिडु" (असू दे गं) म्हणत तुम्ही चहा ठेवायला उठला असता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मी केलं तेच करणारी घरं आपल्या वडगावात अजून पुष्कळ आहेत.

तरणा पाऊस लागला होता. आमच्या मागाखाली, सुताच्या चिंध्यांत, मनी, मांजराचं एवढंसं पिल्लू, एकटीच ओरडत बसलेली सापडली. आई कुठं गेली ते कळलंच नाही. मी तिला उचलून आणलं आणि आपल्याकडं जे करतात तेच केलं, वाटीभर म्हशीचं दूध पुढं ठेवलं. तिनं चाटून पुसून संपवलं. माझा जीव भरून आला. संध्याकाळी परत दूध, सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी.

दुसऱ्या दिवसापासून तिला ढाळ लागले. मी दुधात पाणी घालून पातळ केलं, तरी थांबेनात. सासूबाई म्हणाल्या, एक दिवस लंघन घाल. तिसऱ्या रात्री तिनं उलटी केली, त्यात शेवयांसारखे दोन पांढरे जंत वळवळत होते. मी घरातली माणसांची जुलाब थांबवायची गोळी काढली, पाव तुकडा केला आणि जिन्यात उभी राहून रडत होते. तेवढ्यात तुम्ही दार उघडलंत.

जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही इतकी वर्षं काम केलंय, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. तुम्ही आधी माझ्या हातातली गोळी घेतलीत. "हाल ब्याड, गोळी ब्याड," दूध नको, गोळी नको, एवढंच म्हणालात. मग मनीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडलीत. ती लगेच खाली बसली नाही, हळूहळू बसली. ओठ वर करून हिरड्यांना बोट लावलंत, त्या चिकट लागत होत्या. अंगातलं पाणी कमी झालंय, हे असं ओळखतात ते मला तुम्ही दाखवलंत. गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या कुशीला ठेवलीत. लंघनाचं ऐकून तुम्ही सासूबाईंना सांगितलंत की एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते आणि ते गार पडतं. सासूबाईंनी ते मुकाट्यानं ऐकलं, याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी डबीत शी घेऊन तुम्ही पावसात माझ्याबरोबर दवाखान्यात आलात. माझ्या डोक्यात शी बरोबर न्यायचं आलंच नसतं. डॉक्टरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा जंतांची अंडी दिसली. हे जंत आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात येतात, असं ते म्हणाले. मनी काट्यावर 620 ग्रॅम भरली आणि त्या वजनाप्रमाणं जंताचं औषध दिलं. कातडीखाली सलाईन दिलं. दोन आठवड्यांनी परत डोस द्यायचा.

दुधाचं मात्र मला तुम्हीच नीट समजावलंत, परतताना रिक्षात. आईचं दूध सुटत आलं की दुधातली साखर पचवायची ताकद मांजराच्या पोटात कमी होत जाते. ती न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, मग ढाळ. पाणी घालून पातळ केल्यानं साखर जात नाही. म्हणजे मी मायेनं भरवत होते आणि तिचं पोट रोज बिघडवत होते. हे ऐकताना मला फार लागलं. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "सगळेच घालतात गं, तू तरी विचारलंस." त्या वाक्यासाठी तुमचे आभार कसे मानू?

पुढचे चार दिवस तुम्ही बिनमिठाची, बिनहळदीची उकडलेली कोंबडी बारीक करून दिलीत, दर तीन-चार तासांनी चमचाभर. कांदा-लसूण मांजराला विषच, म्हणून आमच्या रश्श्यातला तुकडाही द्यायचा नाही, हे तुम्ही माझ्या मुलाकडून तीनदा वदवून घेतलंत. पिल्लांचं खाणं सुरू केलं तेही एकदम नाही. आधी थोडंसं मिसळून, आठवडाभर वाढवत. पाचव्या दिवशी मातीत घट्ट शी दिसली तेव्हा मी तुम्हाला वरूनच हाक मारली, आणि तुम्ही पिठाच्या हातानं जिना चढून बघायला आलात.

काल मनी 850 ग्रॅम भरली. दुपारी ती तुमच्या उंबऱ्यावर येऊन झोपते, आता तिला वर न्यायचं मी सोडून दिलंय. शनिवारी जंताचा दुसरा डोस आहे आणि लसीचंही विचारायचंय. तुम्हाला सवड असेल तर बरोबर चला, अक्का. रिक्षा मी सांगून ठेवते.

तुमची,
वरच्या घरची सून